सायकसची चिठ्ठी

माझ्या थोरल्या मुलाच्या, सदाशिवच्या लग्नात करवली म्हणून सख्खी बहीण नव्हती. चुलतभावाची पोर उभी करावी लागली आणि मांडवभर बायका विचारत राहिल्या, मालन का आली नाही. ते १९८० साल, मार्गशीर्ष महिना. संक्रांत झाली तशी मी बडोद्याची गाडी पकडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्याह्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो.

"आजारी होती हो," रंगनाथराव म्हणाले. "ताप. कळवलं होतं आम्ही."

"कळवलं होतं."

"मग झालं तर."

रंगनाथराव टिळेकर म्हणजे मालनचे सासरे. झोपाळ्यावर बसून पायाने हलका झोका देत बोलायची त्यांना सवय होती. त्यांचे आजे आमच्याच पुरंदर भागातले माळी. महाराजांच्या बागेत काम मिळालं म्हणून बडोद्याला गेले आणि तिथलेच झाले. रंगनाथरावांनीही राजवाड्याच्या बागेत चाळीस वर्षं खुरपं चालवलं होतं. त्यांचा मुलगा मुकुंद मात्र औषधाच्या कारखान्यात होता. एवढ्या लांब मुलगी दिली ती याच्यासाठीच, की घर माळ्याचं आणि पगार कारखान्याचा.

आमच्याकडे एक चाल होती. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. अन्नाचा तर प्रश्नच नाही. मालनच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत मी दोनदा बडोद्याला गेलो, दोन्ही वेळा स्टेशनजवळच्या धर्मशाळेत उतरलो आणि पाण्याचा तांब्या पिशवीत घेऊन ओसरीवर बसून परत आलो. ओसरीच्या आत काय आहे ते मी पाहिलेलं नव्हतं.

निघताना गोजर, माझी बायको, म्हणाली होती, "तोंडावर जाऊ नका तिच्या. ती हसंल तुमच्यासाठी. एकटीला गाठा आन् इचारा. घेऊन चला म्हणाली, तर घेऊनच या. मग कोण काय बोलायचं ते बोलू द्या."

म्हणजे माझं काम एवढंच होतं. पोरीला पाच मिनिटं एकटी गाठायची.

मालन बाहेर आली. पाया पडली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिच्या मागे तिची नणंद प्रमिला. प्रमिला सासर सोडून माहेरीच राहत होती. का, ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

"बरी हायेस का?" मी विचारलं.

"बरी आहे, तात्या."

"वाळलीस."

"तापाने वाळली," प्रमिला म्हणाली. "खायला लागलीय आता."

मालनच्या उजव्या हातात बांगड्या नव्या होत्या, डाव्या हातात जुन्या. मी बघतोय हे पाहून तिने पदर पुढे घेतला.

"चार दिवस पाठवता का?" मी रंगनाथरावांना म्हणालो. "तिच्या आईनं लई धोसरा लावलाय. नवी भावजय पण बघितली न्हाई तिनं."

"पाठवली असती हो. पण मुकुंदाच्या डब्याचं कोण बघणार?"

"प्रमिलाताई आहेत की."

"माझ्या हातचं त्याला चालत नाही," प्रमिला म्हणाली आणि हसली.

"उन्हाळ्यात बघू," रंगनाथराव म्हणाले. झोपाळ्याची कडी कुरकुरली. बोलणं संपल्याची ती खूण होती.

मी तसाच बसून राहिलो. उठलो असतो तर पुढची गाडी होती, आणि घरी गोजर होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी धंद्याचं बोललो.

"व्याही, आमच्याकडं आता पुण्याचे बंगलेवाले पाम मागतात. गुलाब-मोगरा कुणी इचारत न्हाई. तुमच्या शहरात चांगले जुने पाम कुठं बघायला मिळतील? आन् सायकस? बी मिळालं, पिल्लू मिळालं, तर न्यावं म्हणतो."

झोपाळा थांबला. तीन वर्षांत पहिल्यांदा तो माणूस माझ्याकडे नीट बघत होता.

"पाम?" ते म्हणाले. "अहो, आधी बोलायचं नाही का? या हातांनी लावलेत. हिंदुस्थानभरचे पाम इथं आहेत आणि कुठला कुठं आहे ते सांगणारा मी एकटा उरलोय."

"दावाल का मग?"

"आज जेवण झाल्यावर निघू. तीन दिवस तरी लागतील."

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. "पाट्यांवर नावं असतील न्हाई का? मला तर अक्षर ठाऊक न्हाई."

"मला तरी कुठं आहे," रंगनाथराव म्हणाले. "आमच्या साहेबाने कधी विचारलं नाही. झाडाला येतं का वाचता?"

"गिऱ्हाईक नाव मागतंय ना पण. मालनला घेऊ बरोबर. ती लिहून देईल."

"मी लिहीन की," प्रमिला म्हणाली. "मी नववी झालेय. ही सातवी."

"तिच्या अक्षराची आमच्या गुरुजींना सवय हाय," मी म्हणालो. "त्यांनीच शिकवली तिला."

प्रमिलाने वडिलांकडे पाहिलं. रंगनाथरावांचं मन बागेत पोचलं होतं. "येऊ दे तिला," ते म्हणाले. "तूही ये."

पहिल्या दिवशी आम्ही चौघं गावातल्या मोठ्या बागेत गेलो. बाटलीसारख्या पोटाच्या पामांची दुहेरी रांग होती, खोडं चुन्याने रंगवल्यासारखी पांढरी. मी माझ्या रोपवाटिकेत असली झाडं हातभर उंचीची विकत होतो. चार पुरुष उंच झालेली कधी बघितली नव्हती. खरं सांगायचं तर थोडा वेळ मी विसरलो की मी कशाला आलोय.

"हा झावळी स्वतः टाकतो," रंगनाथराव म्हणाले. "कापायला लागत नाही. कापणारा माळी अडाणी समजायचा."

मालन पाटी वाचून कागदाच्या तुकड्यावर नाव लिहायची. मग प्रमिला तो कागद तिच्या हातातून घ्यायची, मोठ्याने वाचायची, "बॉटल पाम. बरोबर," आणि माझ्याकडे द्यायची. प्रत्येक चिठ्ठीला मी त्याच झाडाच्या पानाचा एक तुकडा काडीने टोचून ठेवत होतो, म्हणजे घरी गेल्यावर कुठली चिठ्ठी कशाची ते समजावं. ही माझी युक्ती. रंगनाथरावांना ती फार आवडली.

"बघ," ते प्रमिलाला म्हणाले. "नववी झालीस ना? हे सुचलं असतं तुला?"

बागेत मी मालनच्या बाजूने चालायला लागलो की प्रमिला आमच्या मध्ये यायची. मी मागे राहिलो की रंगनाथराव हाक मारायचे, "व्याही, इकडे बघा." त्यांचा तो कावा होता असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि आजही खात्रीने सांगता येत नाही. दाखवायचा आनंदही असेल. दोन्ही असेल.

दुसऱ्या दिवशी एका पारशाच्या जुन्या बंगल्याच्या आवारात गेलो. तिथे माशाच्या शेपटीसारख्या पानांचा माड होता, आपल्या कोकणात भेरली माड म्हणतात तो. वरून तुरे लोंबत होते.

"फुलावर आलाय," रंगनाथराव म्हणाले. "आता वरून खाली फुलत येईल, आणि शेवटचा तुरा खाली आला की झाड मरेल."

"किती वर्षं लागतात?" मालनने विचारलं. दोन दिवसांत आपणहून बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य.

"मरायला? सहा-सात."

"उभ्या उभ्या?"

"उभ्या उभ्याच. झाड बसून मरतं का?" ते हसले. प्रमिला हसली. मीही हसलो.

मालनने नाव लिहिलं. प्रमिलाने वाचलं. बरोबर.

संध्याकाळी मुकुंद कारखान्यातून आला. देखणा होता, बोलायला नरम. माझ्या पाया पडला. "तात्या, झाडं बघून झाली का?" म्हणाला. आत गेला. आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि मग काहीच आवाज आला नाही. मी उंबऱ्याकडे पाहिलं. ओसरीवरून चार पावलं होती. बाप म्हणून मी ती चार पावलं टाकली असती तर कुणी अडवलं नसतं. पण मूल झालेलं नव्हतं. मी तांब्यातलं माझं पाणी प्यालो आणि धर्मशाळेत गेलो.

तिसऱ्या दिवशी माझी दुपारची गाडी होती. सकाळी गेलो तर प्रमिला पाय वर करून बसलेली. नवी चप्पल चावून टाचेला फोड आला होता.

"तुम्हीच जा बाबा," ती म्हणाली. "एकच बाग राहिलीय ना? हिला बाराच्या आत आणा."

मला वाटलं, देवाने दार उघडलं. आता फक्त म्हातारा. म्हाताऱ्याला कुठेतरी गुंतवलं की झालं.

ती बाग गावाच्या टोकाला होती, संस्थानी काळातली. पुरुषभर उंच भिंत आणि एकच लोखंडी फाटक. राखणदार रंगनाथरावांच्या हाताखाली काम केलेला. त्याने आम्हाला आत घेतलं आणि म्हणाला, "साहेब, मी जेवून येतो. फाटकाला कुलूप घालतो, नाहीतर गुरं शिरतात. तासाभरात आलोच."

कुलपाचा आवाज झाला. आत आम्ही तिघं.

सायकस मी तोपर्यंत कुंडीतले बघितले होते. इथे खोडावर बसायला येईल एवढे जुने होते, अननसासारखी खवल्यांची खोडं, वर ताठ पानांचा घेर. पानाला हात लावला की टोचायचं. दोन शेजारीशेजारी उभे होते आणि तिसरा दूर, भिंतीपाशी.

"या दोन्ही माद्या," रंगनाथराव म्हणाले. "नर तो तिकडे. याच्यात नर-मादी वेगळी असते. नराला कणसासारखा तुरा येतो, त्याचं पीठ आणून आम्ही मादीवर टाकायचो. नाहीतर बी धरतं पण पोकळ. पाण्यात टाकलं की तरंगतं."

"आता कोण टाकतं पीठ?"

"आता कोणी नाही. पोकळच." ते थांबले आणि मालनकडे न बघता म्हणाले, "काही ठिकाणी पीठ टाकूनही पोकळच राहतं. तीन वर्षं झाली."

मालन पाटी वाचत होती. तिने मान वर केली नाही.

"व्याही," मी म्हणालो, "मादी पोकळ म्हणायच्या आधी नराचं कणीस बघावं लागतं. तुम्हीच सांगितलंत."

रंगनाथरावांनी धोतर सावरलं. मग मातीत बसले आणि पिशवीतून खुरपं काढलं. "पिल्लू काढून देतो तुम्हाला," म्हणाले. "चांगलं, मादीचं."

झाडाच्या बुडाशी कांद्याएवढी पिल्लं आली होती. त्यांनी त्यातलं एक हळूहळू मोकळं केलं. तो हात बघण्यासारखा होता. मुळाला धक्का नाही, आईच्या खोडाला चरा नाही. चाळीस वर्षांचा हात होता तो.

ते वाकलेले असताना मी मालनकडे सरकलो. दोन पावलांवर ती होती.

"मालन," मी हळू म्हणालो, "खरं सांग. बरी हायेस का?"

"बरी आहे की," रंगनाथराव वर न बघता म्हणाले. "बरी नसायला काय झालं?"

भिंत उंच होती, फाटकाला कुलूप होतं आणि म्हाताऱ्याचे कान शाबूत होते. मालनच्या हातात पेन्सिल होती. ती माझ्याकडे बघत होती, डोळ्यांत डोळे घालून. मग म्हणाली, "तात्या, या झाडाचं नाव लिहायचं राहिलंय."

आणि ती सायकसच्या खोडावर कागद ठेवून लिहायला लागली. बराच वेळ लिहीत होती. रंगनाथराव पिल्लाची माती झटकत उठले आणि तिच्या खांद्यावरून कागदाकडे बघायला लागले.

"केवढं लांब नाव," ते म्हणाले.

"शास्त्रातलं आहे, मामंजी. पाटीवर दोन ओळी आहेत."

"एवढ्याशा गड्ड्याला दोन ओळी?"

"साहेब लोकांनी ठेवलेलं," मी म्हणालो. "त्यांना काय उद्योग?"

रंगनाथराव हसले. मीही हसलो. मालनही हसली, आणि तिचं हसणं बघून माझ्या जिवाला बरं वाटलं. मला वाटलं, हसतेय. म्हणजे फार काही नसेल.

तिने कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "तात्या, ही चिठ्ठी आधी कुणाकडून वाचून घ्या. मग बांधा. अक्षर घाईत आलंय."

"वाचायला कशाला पाहिजे?" मी म्हणालो. सायकसच्या पानाचं टोक तोडलं आणि काडीने घडीला टोचलं. "हे बघ. झाली वळख."

"तरी वाचून घ्या. गुरुजींकडून."

"बरं."

"नक्की?"

"बरं म्हणलं ना, पोरी."

पिल्लाची पानं रंगनाथरावांनी कापून टाकली. "पान ठेवलं तर गड्डा वाळतो. जखमेला राख लावा, आठ दिवस सावलीत ठेवा, मग वाळूत लावा. आणि धीर धरा. चार-पाच महिने काही दिसणार नाही. मेलंय असं वाटेल. उपटून बघू नका."

राखणदार आला, कुलूप निघालं. तिथून टांग्याने स्टेशन. रंगनाथराव फलाटापर्यंत आले आणि मालन त्यांच्या मागे उभी होती. गाडी हलली तेव्हा ती बोटाने माझ्या पिशवीकडे दाखवत होती. मला वाटलं पिल्लू सांभाळा म्हणतेय. मी पिशवी उचलून दाखवली.

घरी गोजरने दारातच विचारलं, "गाठली का एकटीला?"

"गाठली."

"काय म्हणाली?"

"बरी हाय. बागेत फिरली, हसली."

गोजर चुलीकडे गेली. मी तिला खोटं सांगितलं, असं मला वाटलं नव्हतं.

आठ दिवसांनी सायकस कुंडीत लावला. चिठ्ठीची घडी उलगडली, पावसा-पाण्याने भिजू नये म्हणून वर दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळला आणि तारेने कुंडीच्या काठाला बांधली. बाकीच्या रोपांनाही आपापल्या चिठ्ठ्या बांधल्या. एकही चुकली नाही. फाल्गुनात गुरुजी आले होते, शाळेसाठी जास्वंदीची रोपं घ्यायला. त्या कुंडीपासून दहा पावलांवर अर्धा तास बसले, चहा घेतला. मालनचं काय चाललंय विचारलं. मी म्हणालो, बरं चाललंय. चिठ्ठीची आठवण मला झाली नाही. झाड कुठलं ते मला माहीत होतं. नावाचं काम गिऱ्हाईक येईल तेव्हा.

गड्डा मेल्यासारखाच होता. मी रोज बघायचो, उपटत नव्हतो.

ज्येष्ठ लागता लागता एका सकाळी त्याच्या डोक्यातून लव असलेले कोंब वर आले, सगळे एकदम, गुंडाळलेले. चार दिवसांत ती पानं हातभर उलगडली, कोवळी, हात लावला तरी मोडतील अशी. पुण्याच्या एक बाई बंगल्यासाठी झाडं बघायला आल्या होत्या. त्या थेट त्या कुंडीपाशी थांबल्या.

"अय्या, काय नाजूक आहे. काय हो हे?"

"सायकस. बडोद्याचा हाय, संस्थानी. नाव चिठ्ठीवर हाय बघा. लांबडं हाय जरा."

बाईंनी चष्मा वर केला, वाकल्या, दुधाच्या पिशवीवरची धूळ पुसली. वाचलं. परत वाचलं. मग ताठ उभ्या राहिल्या.

"माळीबुवा, मालन कोण?"

"माझी पोरगी. तिनंच लिहिलंय."

"तुम्ही हे वाचलं नाही?"

"मला येत न्हाई वाचायला."

बाईंच्या सोबत त्यांचे यजमान होते, त्यांच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि मग हळू आवाजात वाचलं. "तात्या, मला इथून घेऊन जा. हे आणि वन्सं मारतात. बोलायला एकटी सोडत नाहीत. उन्हाळ्यापर्यंत थांबू नका. मालन."

त्या बाईंनी झाड नेलं का नाही, त्या पुढे काय बोलल्या, मला आठवत नाही. गोजर गवत टाकून आली होती आणि तिने ऐकलं होतं. तिने आत जाऊन माझी पिशवी आणून दिली.

"तांब्या नका नेऊ," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बडोद्यात होतो. रंगनाथराव झोपाळ्यावर होते. मुकुंद कारखान्यात. प्रमिला दारात आली आणि म्हणाली, "अहो, कळवलं नाहीत?"

मी ओसरी ओलांडली आणि उंबरा ओलांडला. पहिली खोली, मग अंधारी दुसरी, मग स्वयंपाकघर. मालन पाट्यावर चटणी वाटत होती. माझ्याकडे तिची उजवी बाजू होती. मी हाक मारली. तिने ऐकलं नाही. परत मारली. मग माझी सावली भिंतीवर दिसली तेव्हा ती वळली.

कोपऱ्यात माठ होता. मी पेला घेतला, माठातलं पाणी घेतलं आणि उभ्याने प्यालो. सगळा पेला. मालन बघत होती. तिला कळलं. तिने हात धुतले आणि खुंटीवरचं लुगडं पिशवीत घातलं. दुसरं काही घेतलं नाही.

प्रमिला मागून ओरडली, "बाबा, हे पाणी प्याले आपल्याकडचं."

आम्ही ओसरीवर आलो तेव्हा रंगनाथराव उभे होते. "व्याही, पाणी प्यालात?" ते म्हणाले. "मूल होईपर्यंत पीत नाही ना तुमच्यात?"

"व्हय. ते आता हितं व्हायचं न्हाई."

ते वाटेतून हलले नाहीत. मग म्हणाले, "ते दोन ओळींचं नाव. त्या चिठ्ठीत काय होतं?"

मी सांगितलं. चारही वाक्यं सांगितली, गाडीत रात्रभर म्हणत आलो होतो. रंगनाथरावांनी झोपाळ्याची कडी धरली. बाजूला झाले.

आम्ही पायऱ्या उतरलो तेव्हा मागून त्यांनी विचारलं, "त्या पिल्लाला पान आलं का?"

"आलं," मी म्हणालो.

गाडीत मालन खिडकीशी बसली आणि मी तिच्या उजवीकडे. मी बोलत होतो आणि ती उत्तर देत नव्हती. मला वाटलं रागावली असेल. सुरतेच्या पुढे ती म्हणाली, "तात्या, या बाजूला या. त्या कानाने ऐकू येत नाही."

"कधीपासनं?"

"होळीपासून."

होळी फाल्गुनात होती. गुरुजी चहा पिऊन गेले होते त्याच महिन्यात. ती इकडे सरकली आणि मी उठून खिडकीशी, तिच्या डावीकडे बसलो.

घरी आल्यावर तिने ती कुंडी पाहिली. चिठ्ठी अजून तारेला होती. तिने हात लावला नाही. "एवढंच मावलं," म्हणाली. "कागद संपला होता." आणि थोड्या वेळाने, "वाचून घ्या म्हणाले होते ना, तात्या."

"म्हणाली होतीस."

ती त्यावर पुन्हा कधी बोलली नाही. आठ दिवसांनी तिने जुन्या पाटीवर अ काढला आणि पाटी माझ्या पुढ्यात ठेवली. मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. हाताला खुरप्याची सवय, पेन्सिल तीनदा मोडली. शेजारचे लोक हसायचे, रासकर बुवा शाळेत चालले म्हणून. जोडाक्षरं यायला दीड वर्ष लागलं. एका दुपारी मालन बाजारात गेली असताना मी ती चिठ्ठी तारेवरून सोडवली आणि एकट्याने वाचली. 'मारतात' या शब्दापाशी मी बराच वेळ बसलो होतो.

रंगनाथरावांचं एकदा पोस्टकार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. भेरली माड वाळला, एवढंच होतं. मुकुंदाने दुसरं लग्न केलं. मालनने केलं नाही. रोपवाटिका तिनेच मोठी केली, पाट्या सगळ्या तिच्या हातच्या, ठळक अक्षरात. मी आयुष्यभर तिच्या डाव्या बाजूला बसलो.

मालन धोंडिबा रासकर, वय एकसष्ट, निमोनियाने आजारी होती. ९ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी सहाच्या सुमारास ती वारली.